झोपेच्या चूर्णांविषयीचे काही गैरसमज

नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत जा किंवा सीताबर्डीच्या एखाद्या औषध दुकानात, झोप आणि मन:शांतीसाठी काहीतरी मागणारं गिऱ्हाईक हमखास भेटतं. कोणी अश्वगंधेचं चूर्ण नेतो, कोणी जटामांसी, कोणी शंखपुष्पीचं सरबत. तरुण मुलं मेलाटोनिनच्या गोळ्या ऑनलाइन मागवतात. घेणाऱ्याचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं: डॉक्टरच्या गोळीची सवय लागते, हे बरं, नैसर्गिक आहे. या म्हणण्यामागचा त्रास खरा आहे. रात्र रात्र डोळा लागत नाही ही साधी गोष्ट नव्हे. म्हणूनच त्यातलं काय खरं आणि काय नाही, हे नीट पाहायला हवं.

‘झाडपाल्याचे दुष्परिणाम नसतात’

हा समज सगळ्यांत घट्ट बसलेला आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच सर्पगंधेत आहे. वैद्य ही मुळी झोपेसाठी आणि उन्मादावर पूर्वापार देत आले. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्मादावरचा आणि रक्तदाबावरचा परिणाम लेखातून मांडला. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर वापर करून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. लवकरच मनोरुग्णालयांतून ते दिलं जाऊ लागलं आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण हेच औषध घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनतेने घेरल्याच्या नोंदीही येऊ लागल्या. रेसर्पिनमुळे मेंदूतले सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन यांचे साठे रिकामे होतात. नैराश्याचा या द्रव्यांशी संबंध असावा, या कल्पनेला बळ मिळालं त्यात या निरीक्षणाचाही वाटा होता. हा संबंध किती पक्का, यावर नंतर वाद झाले. मुळीचा परिणाम जोरकस आहे, यावर मात्र वाद नाही. मुळी गुणकारी होती म्हणूनच तिचे दुष्परिणामही होते. या विषयात एवढं एक जरी पक्कं ध्यानात ठेवलं, तरी पुढचं पुष्कळ सोपं जातं.

अश्वगंधेचंच पाहा. तिला आधार नाही असं म्हणणं चूक ठरेल. २०२१ मध्ये पाच चाचण्यांचा, मिळून ४०० जणांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. झोपेत सुधारणा दिसली, पण लहान. ती जास्त जाणवली निद्रानाश असलेल्यांत, रोज ६०० मिलिग्रॅम किंवा अधिक अर्क आठ आठवडे किंवा अधिक काळ घेणाऱ्यांत. म्हणजे आज चमचाभर चूर्ण घेतलं आणि रात्री गाढ झोप लागली, असा तिचा स्वभाव नाही. शिवाय अर्काचे ६०० मिलिग्रॅम आणि सुट्या चूर्णाचा चमचा यांचा हिशेब एक नव्हे.

दुसरी बाजूही तितकीच नोंदलेली आहे. अश्वगंधेने यकृताला इजा होऊन कावीळ झालेले रुग्ण भारतातही आढळले आहेत. असे रुग्ण थोडे, पण ज्यांचं यकृत आधीच कमजोर आहे त्यांच्यासाठी हा धोका गंभीर आहे. थायरॉइडचं संप्रेरक तिने वाढू शकतं, त्यामुळे थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणात नकोच. पारंपरिक वापर मुळाचा आहे. पानांचा वापर टाळण्याची सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना केली. म्हणून बाटलीवर ‘मूळ’ लिहिलं आहे का, हे जरूर पाहावं.

जायफळाचं थोडक्यात. दुधात चिमूटभर उगाळून घेतलं तर हरकत नाही. पण झोप येईना म्हणून चमचा-दोन चमचे पूड घेणं हे विषबाधेला आमंत्रण आहे: छातीत धडधड, भ्रम, उलट्या. तान्ह्या बाळाला झोपवण्यासाठी जायफळ तर अजिबात चाटवू नये.

‘मेलाटोनिन शरीरातलंच आहे, कितीही घ्या’

मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून स्रवणारं संप्रेरक आहे. रात्र झाली, हे ते शरीराला कळवतं. म्हणून दूरच्या विमानप्रवासानंतर किंवा झोपेची वेळच पुढे सरकली असेल तर ते उपयोगी पडतं. जुन्या निद्रानाशासाठी मात्र त्यावर भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेच्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत त्यासाठी मेलाटोनिन आणि व्हॅलेरियन, म्हणजे आपल्या तगराच्याच कुळातली वनस्पती, सुचवलेली नाहीत. आणि लेबलचं काय? २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, तपासल्या, तर २२ वरचा आकडा चुकीचा निघाला. एकीत मेलाटोनिनच सापडलं नाही. काहींत ते छापल्याच्या साडेतीनपटीपर्यंत होतं.

‘परवाना क्रमांक आहे, म्हणजे गुण येणारच’

आयुर्वेदिक औषधाचा परवाना १९४० च्या औषध कायद्याखाली मिळतो, तर पूरक आहार एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत येतो. दुसऱ्या प्रकारच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. ती ओळ बारीक अक्षरांत असते, पण वाचावी. उत्पादकाला बनवायची मुभा आहे, एवढंच परवाना सांगतो. तुमच्या निद्रानाशावर ते चालेल, याची हमी त्यात नसते.

दुसऱ्या औषधांशी त्याचं जुळेल का, हेही परवाना सांगत नाही. सेंट जॉन्स वर्ट हे झाडपाल्याचं औषध हल्ली ऑनलाइन मिळतं. सौम्य ते मध्यम नैराश्यावर त्याचा उपयोग दिसला आहे. पण ते यकृतातली विकरं वाढवून गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, एचआयव्हीची औषधं निष्प्रभ करू शकतं. नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

‘झोप येत नाही, म्हणजे शरीरात काहीतरी कमी पडतंय’

कधी खरंच पडतं, आणि रक्त तपासल्यावर ते कळतं. पण अनेकदा कारण वेगळंच असतं. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत असतो. तिथे चूर्ण काय करणार? गच्चीला चुना, संध्याकाळी पाण्याचा शिडकावा आणि हवा खेळती राहील असा कूलर यांनी जास्त फरक पडेल. संध्याकाळनंतरचा चहा, रात्रपाळी, जोरजोरात घोरणं आणि दिवसा येणारी गुंगी, हीही कारणं तपासावीत. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तर गुंगी आणणारं काहीही घेणं घातक ठरू शकतं.

जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती सुचवली. उठण्याची वेळ ठरलेली, सुटीच्या दिवशीही. झोप येईल तेव्हाच अंथरुणात जायचं. डोळा लागेना तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. यात काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

आणि पहाटे तीनलाच जाग येत असेल, जेवणात गोडी उरली नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उतरलेलं असेल, तर हे नैराश्य असू शकतं. त्यावर महिनोन्‌महिने चूर्ण बदलत बसू नये. नागपुरात १८६४ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत. जगणं नको वाटत असेल तर सकाळची वाट न पाहता टेलिमानस या मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या सोबत न्या आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका.