नाकात ऑक्सिजनची नळी, हातात बिडी: डॉक्टर घरी मशीन द्यायला का कचरतात?

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर’ हा शब्द हदगावसारख्या तालुक्याच्या गावातही पोचला. लाट ओसरली, पण सीओपीडीच्या काही पेशंटना हे मशीन आजही घरी लागतं. सीओपीडी म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुराने फुफ्फुसं निकामी करत नेणारा आजार. कुणाला तो चुलीमुळे होतो, कुणाला बिडीमुळे. अडचण अशी की, मशीन घरी आलं म्हणून बिडी सुटतेच असं नाही.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, तो दुसऱ्याला पेटायला मदत करतो. साध्या हवेत तो २१ टक्के असतो, मशीनच्या नळीतून ९० टक्क्यांच्या आसपास येतो. मिशी, धोतर, पदर, गोधडी यांत तो साचून राहतो. एरवी ठिणगीने कापडाला भोक पडलं असतं, इथे ते भडकतं. प्लास्टिकची नळी पेटली तर आग थेट नाकापर्यंत येते. त्यात बिडी सारखी विझते, म्हणजे दरवेळी नवी काडी!

‘मी नळी काढून ओसरीवर जाऊन ओढतो’ हेही पुरेसं नाही. कपड्यांतला ऑक्सिजन लगेच निघून जात नाही, आणि मशीन चालूच असेल तर इकडे अंथरूण तयार होत असतं.

मग पेशंटला ऑक्सिजन द्यायचाच नाही का? इतकं सोपं नाही. १९८० आणि १९८१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांतून दिसलं की, रक्तातला ऑक्सिजन फारच कमी असलेले पेशंट दिवसात १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन घेतल्यास जास्त जगतात. नाकारणं म्हणजे हा फायदा हिरावणं. पण आग लागली तर शेजारच्या खोलीत झोपलेली नातवंडंही सापडतात, आणि त्यांनी बिडी ओढलेली नसते. म्हणून डॉक्टरने आधी घरात कोण काय ओढतं हे विचारणं ही उलटतपासणी नाही.

२०१६ च्या अमेरिकी अभ्यासात तर ऑक्सिजन थोडाच कमी असलेल्यांना घरच्या मशीनचा फायदा दिसला नाही. अशा घरी बिडी चालू असेल, तर उरतो फक्त धोका. इंग्लंडमध्ये आग लागल्यास प्रवाह तोडणारा छोटा भाग नळीत बसवतात. आपल्याकडे मशीन घेताना तो मागून बघा.

चूल, गॅस, देवघरातली निरंजन आणि उदबत्ती मशीनपासून किमान १० फूट लांब हवी. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, पाण्याचा अंश असलेलं मलम डॉक्टरांना विचारून घ्या. बिडी सोडायला मदत हवी असेल तर सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे.