हिशेब स्वतःच बोलला पाहिजे

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यास निवर्तले. त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेले कागद जतन करण्यासाठी पुढे तेथेच संशोधन मंडळ उभे राहिले. जुना मोडी कागद पाहावा, तर शब्दाशब्दांत अंतर नाही, ‘मौजे’चे नुसते ‘मौ॥’ झालेले. लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही अवघड नव्हते. आज तो उलगडावयास जाणकार लागतो. लिहिणारा जातो, लिहिलेले मागे राहते.

संगणकाला दिलेल्या आज्ञांचेही तसेच आहे. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. शाळा थोडी, पण पगाराचा कागद वाचणे हे आमचे कामच. पूर्वी हजेरीपटावर बोट ठेवून जाब विचारता येई. आता हिशेब प्रोग्रॅमच्या पोटात होतो.

समजा, जळगावच्या एखाद्या डाळमिलच्या प्रोग्रॅममध्ये अशी ओळ आहे:

क = (ख − ४८) × ग × १.५

शेजारी टीप आहे: ‘जादा कामाची मजुरी दुप्पट दराने.’ कामगार आठवड्यात ५२ तास राबला. दर तासाला ६० रुपये. टिपेप्रमाणे जादा चार तासांचे ४८० रुपये व्हावयास हवेत. हाती पडतात ३६०. कारण संगणक टीप वाचतच नाही, आज्ञा तेवढी पाळतो. दोहोंचे जमत नसले तरी यंत्र कुरकुर करीत नाही. टिपेवर विसंबणारा माणूस मात्र फसतो.

तोच हिशेब असा लिहावा:

आठवड्याची_मर्यादा = ४८
जादा_कामाची_पट = २
जादा_तास = कामाचे_तास − आठवड्याची_मर्यादा
जादा_मजुरी = जादा_तास × तासाचा_दर × जादा_कामाची_पट

येथे टिपेची गरजच उरली नाही. २ च्या जागी कोणी १.५ लिहिले, तर चौथी शिकलेल्या कामगाराच्याही ते नजरेस येईल.

हा विचार नवा नव्हे. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांच्या कामाच्या आधाराने १९५९ साली कोबोल भाषेची आखणी सुरू झाली. व्यापारी हिशेबाच्या आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत वाचता याव्यात, हा तिचा हेतू होता. परंतु भाषा कितीही सोपी असली, तरी लिहिणाऱ्याने नावे ‘क’ आणि ‘ख’ ठेवली की अंधार तो अंधारच.

मग टिपा मुळीच नकोत काय? तसे नव्हे. काय करावयाचे ते आज्ञा सांगते. का करावयाचे ते तिला सांगता येत नाही. ४८ तासांची मर्यादा व दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्याने घालून दिले. अमुक नियम अमुक कराराच्या अमुक कलमातून आला. हे टिपेतच शोभते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, पगाराचा करार होताना हिशेबाच्या ओळीही सर्वांसमक्ष मोठ्याने वाचल्या जाव्यात. जेथे समजावून सांगणारा मध्ये उभा करावा लागेल, तेथे ती ओळ पुन्हा लिहावयास सांगावे. ज्याच्या घामाचा हिशेब, त्याला तो वाचता आलाच पाहिजे.