अंतकालीन परिचर्या

अंतकालीन परिचर्या : असाध्य रोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णाचा त्रास कमी करून त्याचा उर्वरित काळ सुसह्य करणारी शुश्रूषा. यासाठी असलेल्या संस्थेस हॉस्पिस म्हणतात. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) या मूळच्या परिचारिकेने पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९६७ मध्ये लंडन येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न व्यक्तीची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चतुर्विध असते, असे त्यांनी प्रतिपादिले. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे स्थापन झाले. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले.

ठराविक वेळी वेदनाशामक देणे, जखमा धुणे, तोंड स्वच्छ ठेवणे, कूस बदलून शय्याव्रण टाळणे ही परिचारिकेची नित्याची कामे होत. रोगमुक्ती हे येथे यशाचे गमक नसते. रुग्णास लागलेली शांत झोप, नातलगांशी झालेले बोलणे व वेदनारहित मृत्यू यांतच तिचे कार्यसमाधान असते. अध्यात्म म्हणजे येथे धर्मोपदेश नव्हे. रुग्णाच्या श्रद्धेचा मान राखून त्याची भीती व पश्चात्ताप ऐकून घेणे होय. परिचारिकेची स्वतःची श्रद्धा तिला वारंवारच्या मृत्युदर्शनात आधार देऊ शकते.

तथापि करुणा केवळ श्रद्धेवर टिकत नाही. अतिश्रमाने व साठलेल्या शोकाने ती क्षीण होते. औषधाअभावी नुसते सांत्वन करावे लागणे परिचारिकेस विशेष क्लेशकारक असते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फीन मिळविणे दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती प्रक्रिया सुलभ केली. पुरेसे मनुष्यबळ, विश्रांती, योग्य वेतन व सहकाऱ्यांशी मनमोकळा संवाद यांचीही तितकीच आवश्यकता असते.