चित्रपुस्तकांतून आरोग्याचे संस्कार



वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया व जमाखर्च यांचा तपशील अपेक्षित असतो. तो अन्यत्र दिला आहे. या पानावर आम्ही ताळेबंदात सहज नजरेआड होणाऱ्या एका लहानशा खर्चाविषयी लिहीत आहोत. तो म्हणजे बालरुग्ण विभागातील चित्रपुस्तकांचे कपाट.

जुलाब, जंत, खरूज, किडलेले दात या तक्रारी घेऊन तीच बालके आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. औषधाने आजार बरा होतो. सवय मात्र तीच राहते. जंतनाशकाचेच पाहा. राष्ट्रीय जंतनाशक दिन देशात २०१५ पासून पाळला जातो. त्या गोळीने पोटातील जंत जातात; परंतु शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुतले नाहीत, तर काही महिन्यांत पुन्हा तोच प्रसंग उभा राहतो.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी व अनुताई वाघ यांनी बालवाडी वस्तीतील अंगणात नेली. मुलांचे हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे हाच तेथील पहिला पाठ होता. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज घरोघरी परिचित आहे, त्यामागे हे कष्ट आहेत. स्वच्छता उपदेशाने नव्हे, तर कृतीने शिकवावी, हा धडा आम्ही तेथूनच घेतला.

चित्रच का?

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अक्षरे वाचता येत नाहीत, पण चित्र वाचता येते. तेच पुस्तक दहा वेळा ऐकण्याचा त्याला कंटाळा नसतो. सवय जडण्यासाठी पुनरावृत्ती लागते, ती येथे हट्टानेच घडते. शिवाय चित्रांना क्रम असतो : हात ओले करणे, साबण लावणे, बोटांच्या बेचक्या व नखे चोळणे, वीसपर्यंत अंक मोजणे, मग हात धुऊन पुसणे. मूल हा क्रम लक्षात ठेवते व कोणी एखादी पायरी गाळली, तर टोकतेही.

आमची चूक

आरंभी आम्ही आणलेल्या पुस्तकांत चकचकीत बेसिन व वाहता नळ होता. एका बालकाने विचारले, “आमच्यात तर मोरीत तांब्या असतो, मग हात कसे धुवायचे?” प्रश्न रास्त होता. उन्हाळ्यात पाणी जपून वापरणाऱ्या आपल्या भागात ते चित्र परकेच होते. तेव्हापासून आमच्या परिचारिका तांब्याने पाणी घालून दाखवतात, तसेच माठातील पाणी दांड्याच्या ओगराळ्याने कसे घ्यावे, हेही सांगतात. चित्रातले घर मुलाच्या घरासारखे असले, तरच चित्रातली सवय घरी पोहोचते.

वाचणाऱ्याचीही शिकवण

पुस्तक मांडीवर घेऊन वाचणारी बहुधा आई किंवा आजी असते. दात घासण्याचे चित्र पाहून एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, “आज्जी, तू तर काळी मिश्री लावतीस की!” आजी क्षणभर गप्प झाल्या व त्यांनी पदराने तोंड झाकले. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिचे व्यसन जडते व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्या बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेथे हे अधिक सांगावयास नको.

त्या आजींची मिश्री सुटली, असे आम्ही लिहिणार नाही. व्यसन एका चित्राने सुटत नाही. परंतु पुढील खेपेस त्यांनी आपण होऊन तोंडाची तपासणी करून घेतली. मूल ऐकते त्याहून अधिक पाहते. म्हणूनच पुस्तकातील चित्र आणि घरातील चित्र जुळावे लागते.

पालकांस व दात्यांस विनंती

पालकांनी रोज झोपण्यापूर्वी मुलाला एक पुस्तक वाचून दाखवावे व मोरीत साबण मुलाच्या हाताला येईल असा ठेवावा. तीन वर्षांवरील मुलास वाटाण्याएवढी टूथपेस्ट पुरेशी आहे. दात घासताना मोठ्यांनी जवळ उभे राहावे.

दात्यांनी आपल्या घरातील सुस्थितीतील मराठी चित्रपुस्तके आमच्याकडे द्यावीत व प्रत्येक पुस्तकासोबत साबणाची एक वडी जोडावी. पुस्तक सवय सांगते, साबण ती शक्य करतो. आमच्या खात्यावर हा खर्च किरकोळ दिसेल; परंतु दुसऱ्यांदा जुलाब न झालेल्या बालकाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, हे आपण जाणताच.