बियाण्याला सुगंधी तेल लावताय? आधी शंभर दाणे तपासा

गेल्या रब्बीत एका शेतकऱ्याच्या हरभऱ्यात उभा होतो. निम्म्या रानात तास भरलेले, निम्म्यात नुसती माती. "साहेब, बी घरचंच हाय, एकाच खळ्यावरचं. मग असं कसं झालं?" आबांचा सवाल. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. भुंगा लागू नये म्हणून आबांनी निम्म्या बियाला निलगिरीचे तेल चोळून डब्याचे झाकण घट्ट लावले होते. भुंगा लागला नाही, पण कोंबही गेला.

शेतकरी बंधूंनो, तेला-तेलात फरक आहे. शेंगदाणा, करडईचे तेल दाण्यावर पातळ थर धरते. किडीच्या अंड्यांना हवा मिळत नाही, ती मरतात. साठवणीच्या कडधान्याला किलोमागे 5 ते 10 मि.ली. खाद्यतेल चोळण्याची शिफारस जुनीच आहे. निलगिरी, गवती चहा, लवंग, ओवा यांची तेले मात्र उडणारी. बंद डब्यात त्यांची वाफ दाण्यात शिरते. निलगिरीतील सिनिओल, लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल किडीला व बुरशीला मारक आहेत, तशीच कोंबाची वाढही रोखतात. मात्रा वाढली की उगवण लांबते, घटते. मुळी आखूड राहते, रोप खुरटते.

हाच गुण इतरत्र कामी आला. हॉलंडमध्ये साठवणीतल्या बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून कॅरावे या जिऱ्यासारख्या बियांतील कार्व्होन वापरले गेले. जे बटाट्याचा मोड थांबवते, ते हरभऱ्याचा कोंब कसा सोडील?

म्हणून पेरणीआधी उगवण तपासाच. डब्यातून वरचे, मधले, खालचे बी घेऊन मिसळा. निवड न करता 100 दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. आठव्या दिवशी मुळी व कोंब दोन्ही चांगले असलेलेच दाणे मोजा.

हरभऱ्याचे 85 दाणे उगवले तर बिनघोर पेरा. 70 ते 85 असतील तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. त्याहून कमी आले तर ते बी रानात नेऊच नका.

आबांना दुबार पेरावे लागले. बी गेले, मजुरी गेली, जमिनीतली ओलही गेली. गोणपाटाच्या तुकड्याला आणि आठ दिवसांना खर्च तो किती?