आधी सलाम कोण करणार?

रमजानमध्ये असरची नमाज झाली, की मगरिबपर्यंतचा वेळ सरता सरत नाही. मुकुंदनगर असो की झेंडीगेट, घराघरांत फळे चिरली जातात, भज्यांचे पीठ भिजते आणि रिकाम्या हातात मोबाइल येतो. दहावीच्या ग्रुपवर तीस वर्षांनी सापडलेला कोणी दुबईत असतो, कोणी चिंचवडला कारखान्यात. ‘यंदा इफ्तार कुणाकडे?’ असे विचारणारा बहुधा एखादा कुलकर्णी नाहीतर शिंदे असतो. वर्गात शीरखुर्म्याचा डबा आधी त्यानेच उघडलेला असतो.

हा आनंद खराच आहे. कधी कधी तर या मोबाइलने अशक्य वाटणारी गाठ घालून दिली आहे. मुंबईत कुर्ल्याला राहणारी एक आई २००२ मध्ये दुबईच्या नोकरीच्या आशेने निघाली. एजंटाने फसवून तिला पाकिस्तानात सिंधमधील हैदराबादला नेले. वीस वर्षे घरच्यांना तिचा ठावठिकाणा नव्हता. २०२२ मध्ये कराचीतील एका मौलवींनी तिची कहाणी व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकली, मुंबईतल्या एका पत्रकाराने ती पुढे पोहोचवली आणि माय-लेकींचे बोलणे झाले. कागदपत्रांना मात्र आणखी दोन वर्षे लागली. डिसेंबर २०२४ मध्ये ती वाघा सीमेवरून मायदेशी परतली.

नाती जोडून ठेवण्याला, विशेषतः रक्ताची, इस्लाममध्ये ‘सिला-ए-रहमी’ म्हणतात. पैगंबरसाहेबांनी त्याची कसोटीही सांगितली आहे, आणि ती सोपी नाही. भलाईची परतफेड करणारा नव्हे, तर समोरच्याने तोडले तरी जोडणारा, तोच खरा नाते जोडणारा. भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये. दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो, असेही हदीसमध्ये आहे.

पंचाईत इथेच होते. दुबईचा वर्गमित्र सापडतो, कारण त्याच्याशी कधी भांडण नव्हतेच. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बोलणे टाकलेला सख्खा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि त्याचाच नंबर ब्लॉक असतो. चाँदरातीला दोनशे जणांना ‘ईद मुबारक’चे एकच चित्र जाते. त्या यादीत चुकून भाऊ असला, तरी त्या चित्राला सलाम म्हणणे कठीणच.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात मौलाना आझाद ऑगस्ट १९४२ पासून कैदेत होते. तिथून त्यांनी आपले जुने स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रांवर पत्रे लिहिली. ती पाठवण्याची परवानगीच नव्हती. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम वारल्या. शेवटची भेटही झाली नाही. मौलाना लिहीत राहिले. पुढे १९४६ मध्ये ती पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली आणि उर्दू गद्याचा ठेवा ठरली. पत्र पोहोचणार नाही हे माहीत असूनही प्रत्येक पत्राचा आरंभ मित्राला हाक मारूनच होतो.

किल्ल्यात टपालाची वाट बंद होती. दोन गल्ल्या पलीकडच्या भावाकडे जायला तर टपालही लागत नाही. ईदच्या सकाळी नमाजहून येताना त्याचे दार वाटेतच लागते. डबा घेऊन पोराला पाठवायचे, की स्वतः जायचे, एवढेच ठरायचे असते.