पैशाची चावी (भाग ७) : मेसेज कुणाच्या मोबाइलवर जातो?

मागच्या भागात स्त्रीधन कायद्याने कुणाचं, ते पाहिलं. आता ते राहतं कुठे, ते पाहू. अंधेरी-बोरिवलीकडच्या मध्यमवर्गीय घरात दागिने कपाटात क्वचितच असतात. ते स्टेशनजवळच्या बँकेच्या लॉकरमध्ये असतात. लॉकर दोघांच्या नावे, चावी मात्र एकाकडे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लॉकरचे नियम बदलले. 1 जानेवारी 2022 पासून लॉकर उघडला की त्याच दिवशी, तारीख-वेळेसकट, ग्राहकाच्या नोंदवलेल्या मोबाइलवर मेसेज गेला पाहिजे. नियम चांगला आहे. पण अर्जावरच्या मोबाइलच्या रकान्यात कितीतरी घरांत नवऱ्याचाच नंबर असतो. त्याने बायकोच्या पाटल्या काढून नेल्या, तर त्याची खबर बँक इमानेइतबारे त्यालाच देते.

माझ्या मते बँकेतल्या आर्थिक छळाची निम्मी गोष्ट या एका रकान्यात आहे. समजा, घाटकोपरच्या शाळेतली एक शिक्षिका. पगार तिच्या एकटीच्या खात्यात जमा होतो. खातं उघडताना फॉर्म नवऱ्याने भरला आणि नंबर स्वतःचा टाकला. त्यामुळे ओटीपी त्याला, यूपीआय त्याच्या फोनवर, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. एक तारखेला तो तिच्या हातावर रिक्षा-लोकलपुरते पैसे ठेवतो आणि संध्याकाळी हिशोब मागतो. बँकेच्या कागदावर ती पगारदार ग्राहक आहे, आणि मुलीच्या वह्या घ्यायच्या तरी तिला त्याला विचारावं लागतं.

ती शाखेत जाऊन म्हणाली, की माझ्या खात्यातून माझ्या मर्जीविना पैसे जातात, तर काय होईल? रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाच्या माथी. हा नियम करताना डोळ्यांपुढे होता फोनवरचा अनोळखी भामटा. शेजारी झोपणाऱ्या माणसाने धाकाने पिन घेतला असेल, त्याचा विचार त्यात नाही.

कायदा या बाबतीत बँकांच्या बराच पुढे आहे. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याने आर्थिक छळाला हिंसेच्या व्याख्येतच घातलं. कलम 18 नुसार दंडाधिकारी नवऱ्याला खाती आणि लॉकर, मग ते संयुक्त असोत की त्याच्या एकट्याचे, कोर्टाच्या परवानगीविना वापरायला मनाई करू शकतात. पण असा हुकूम हाती येईपर्यंत खातं रिकामं व्हायला दोन मिनिटं पुरतात. आणि हुकूम मिळालाच, तर शाखेत तो नेमका कुणाच्या टेबलावर ठेवायचा, हे बहुधा तिलाच शोधत फिरावं लागतं.

काउंटरवरचं ठरलेलं उत्तर असतं, "मॅडम, हा तुमचा घरगुती मामला." नवरा-बायकोचा निवाडा बँकेने करावा, असं कुणीच म्हणत नाही. खातं जिचं आहे तिच्याशी बोला, एवढंच मागणं आहे. हे अशक्य नाही, याचा दाखला उपनगरातच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं. "पाय घसरून पडले" म्हणणाऱ्या बाईशी, सोबतच्या माणसांना बाहेर बसवून, एकटीशी बोलायचं हे तिथे डॉक्टर-परिचारिकांना शिकवलं गेलं. आज घाटकोपरच्या राजावाडीसह पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रं आहेत. केसपेपरच्या रांगेत जे जमतं, ते एसी लावलेल्या शाखेत का जमू नये?

केवायसीच्या वेळी तिला एकटीला विचारा, हा नंबर तुमचाच ना? संयुक्त खात्याला आणि लॉकरला दोघांचे नंबर सक्तीचे करा. नंबर बदलायला आलेल्या बाईला "मिस्टरांना घेऊन या" म्हणणं बंद करा. यात एक खाच आहे. नंबर बदलला की सुरक्षेसाठी जुन्या नंबरवरही सूचना जाते. म्हणजे ती रिक्षातून उतरण्याआधी घरी बातमी पोचलेली असते. म्हणून नंबर, पिन, पासवर्ड, पत्रव्यवहाराचा पत्ता हे सगळं एकाच फेरीत बदलून देणारा, आणि नवं कार्ड घरी न पाठवता हातात देणारा एक ठरलेला माणूस शाखेत हवा. मेसेज कधी जाईल, याची कल्पना त्याने तिला आधीच द्यायला हवी.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेतल्या बायकांना पिनचा हा धोका फार आधी कळला होता. 1997 पासूनच्या या बँकेत डिजिटल व्यवहारांची गोष्ट निघाली, तेव्हा पिन नको, अंगठा चालवा, असं त्यांनी सांगितल्याचं संस्थापक चेतना सिन्हा सांगतात. पिन कुणीही काढून घेऊ शकतो.

बँक बदलेपर्यंत हाताशी काय आहे? संयुक्त खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल, तर एका खातेदाराने वाद असल्याचं लेखी कळवल्यावर एकट्याच्या सहीने पैसे देणं थांबवण्याचा बँकांचा प्रघात आहे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे. फोन मात्र स्वतःच्या मोबाइलवरून करा.

पुढच्या आठवड्यात: एक टक्का मुद्रांक शुल्क वाचवायला फ्लॅट बायकोच्या नावे घेतला, आता थकलेल्या हप्त्यांच्या नोटिसाही तिच्याच नावे येताहेत.